अमावस्येची ओहोटी

काकांना समुद्र आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या माणसानं सगळं आयुष्य एका समुद्रकिल्ल्यापायी घालवलं त्याला समुद्राचं वेड असणार, असं सगळे धरून चालतात. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. सुक्या मासळीचा वास आला की रुमाल नाकाला. खाऱ्या हवेनं कागद ओलावतो, शाई फुटते आणि मोजायची टेप गंजते, ही त्यांची समुद्राबद्दलची एकंदर मतं. "लोक समुद्र बघायला कशाला जातात कळत नाही," असं ते म्हणायचे. "नुसतं पाणी. आणि तेही एका जागी थांबत नाही."

पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला न थांबणारं पाणी आवडू नये, हे तसं बरोबरच होतं.

नाशिकच्या आमच्या ऑफिसात ते आरेखक होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. धरणं, कालवे, चाऱ्या यांचे नकाशे काढायचे. मी घोटीकडच्या खेड्यातून येऊन त्यांच्या हाताखाली ट्रेसर म्हणून लागलो, म्हणजे त्यांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो गिरवायचा. या नोकरीच्या आधी, अगदी तरुणपणी, काकांनी कोकणातल्या एका लहानशा बंदरात दोनेक वर्षं मोजणीच्या पथकात हंगामी काम केलं होतं. त्या बंदराच्या तोंडावर एक किल्ला आहे. मोजणी संपली, पथकानं तंबू गुंडाळले, काका नाशिकला येऊन कायम झाले, पण किल्ला काही त्यांच्या डोक्यातून हलला नाही.

किल्ल्याचं नाव मी लिहीत नाही. नाव वाचलं की लोक लगेच मोबाइलवर फोटो शोधतात, आणि फोटोत तो फारच किरकोळ दिसतो. दोन बुरूज, पडका दरवाजा, आत एक गोड्या पाण्याची विहीर आणि रानटी झुडपं. त्याच्याकडे बघून कोणी "एवढंच?" म्हटलेलं काकांना सहन व्हायचं नाही. एकदा ऑफिसातल्या एकानं म्हटलं होतं. काकांनी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलणं टाकलं.

त्यांच्या टेबलामागे तिथ्यांचं कॅलेंडर लटकत असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब त्यांना तिकडच्या कोळ्यांनी शिकवला होता. आजूबाजूला द्राक्षबागा आणि कांद्याचे ट्रक, जवळचा समुद्र घाट उतरून कुठल्या कुठे, पण काका भरती-ओहोटीवर चालायचे. साहेबांची मीटिंग ऐन रंगात आली असताना घड्याळ बघून म्हणायचे, "आत्ता पाणी पायरीला लागलं असेल." साहेब नवे असले तर दचकून विचारायचे, "कुठल्या धरणाच्या?" मग आम्ही सगळे माना खाली घालून हसायचो आणि काका गंभीरपणे किल्ल्याच्या पायरीचा खुलासा करत बसायचे.

नकाशात मोजलेली गोष्ट सलग रेघेनं दाखवायची आणि नुसती अंदाजाची तुटक रेघेनं, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. काकांनी तो जगण्याला लावला होता. कोणाच्या बदलीची बातमी आली की म्हणायचे, "तुटक रेघेत धर." लग्नाची पत्रिका घेऊन कोणी आलं तर, "येतो, पण सध्या तुटक." एका मुलीच्या बापानं याचा अर्थ काकांच्या घरी काहीतरी भांडण झालंय असा घेतला आणि बिचारा काकूंची समजूत घालायला गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटवर जाऊन पोचला. सिन्नरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईला ते विचारायचे, विहीर किती खोल, पाणी किती हातांवर. ती अंदाजे सांगायची. हे म्हणायचे, "दोरी टाकून बघ आणि मंगळवारी सांग." तीही हसत हसत मंगळवारी खरंच सांगायची.

या माणसाच्या नकाशात फक्त एक तुटक रेघ अशी होती की तिच्यावरून त्यांची झोप उडायची.

गोष्ट अशी. त्या किल्ल्याचा इतिहास ते लिहीत होते. कोणी बांधला, कोणाकडून कोणाकडे गेला, बंदरात तांदूळ, मीठ, लाकूड कसं यायचं, पुढे खाडी गाळानं भरत जाऊन बंदर कसं मेलं, हे सगळं त्यांनी कागद धुंडाळून जमवलं होतं. पण एक गोष्ट त्यांना जुळत नव्हती. किल्ल्याच्या बुरुजांवर तोफांसाठी जागा अगदी थोडी. बंदराचं तोंड रुंद. त्या तोफांचा मारा निम्म्या तोंडापर्यंतही पोचणार नाही, हे त्यांनी नकाशावर मोजून काढलं होतं. मग एवढा काळ हे बंदर बाहेरच्या जहाजांपासून वाचलं कसं?

काकांचं उत्तर होतं, भिंत. किल्ल्याच्या पायथ्यापासून निघून बंदराच्या तोंडात आडवी गेलेली, पाण्याखाली बुडालेली, माणसांनी रचलेली भिंत. गावच्या तांडेलाला, होडी हाकणाऱ्याला, तिच्यातली फट ठाऊक. परक्याचं गलबत मात्र भरधाव यायचं आणि तिच्यावर आपटून फुटायचं. "किल्ला नुसता उभा होता रे," ते मला सांगायचे. "राखण भिंत करत होती." मोजणीच्या दिवसांत एकदा, उधाणाच्या ओहोटीला, मळमळत होडीत बसलेले असताना त्यांनी पाण्यात काळ्या दगडांची एक सरळ ओळ पाहिली होती. निसर्गात इतकं सरळ काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मोजायला जायचं ठरलं आणि पथक परत बोलावलं गेलं.

तेवढं मोजणं राहिलं. पुस्तकाचं मुख्य प्रकरण त्या भिंतीवर लिहून तयार होतं, पण न मोजलेली भिंत छापायची नाही म्हणून पुस्तक अडलं होतं. निवृत्त झाल्यावर जाईन, असं ते म्हणत. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांची बायपास झाली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. काकूंनी कोकणाचं नाव काढायला बंदी घातली.

मग त्यांनी मला सांगितलं. मलाच का, याचंही कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कालव्याची रेघ गिरवताना माझ्या हातून चूक झाली होती. ब्लूप्रिंट निघून साहेबांकडे गेल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकांसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. त्यांनी आधी सगळ्या प्रती परत मागवल्या, फाडल्या, आणि दुपारच्या डब्याला सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा पोरगा खोटं सांगत नाही. याच्या नकाशावर मी डोळे मिटून सही करीन." त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी खरोखरच न बघता सह्या केल्या.

"अमावस्येला नाहीतर पौर्णिमेला जा," ते म्हणाले. "फार तर पुढच्या दोन दिवसांत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली जातं. एरवी गेलास तर समुद्र दिसेल, भिंत नाही. लांबी, रुंदी, आणि दगड घडीव आहेत की नाही, तिन्ही बघ." स्वतःची टेप त्यांनी माझ्या हातात दिली. तेल लावून ठेवलेली होती.

पहिल्यांदा ऑफिसात ऑडिट निघालं. दुसऱ्यांदा मुलाची परीक्षा. तिसऱ्यांदा मी खरंच ठरवलं होतं. नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती. बायको आणि मुलं म्हणाली, आम्हीपण येतो, समुद्र बघू. गावाकडून आई आलेली होती. शुक्रवारी निघायचं म्हणून मी डिकी आवरत होतो, तर आई दारात येऊन उभी राहिली.

"आमुशाला गाडी काढतो का रं तू?" ती म्हणाली. "नवी गाडी, बारकी पोरं, आन् समिंदरावर? डोकं फिरलं का तुझं?"

"आई, तिथं काम आहे. अमावस्येलाच जायला लागतं."

"आमुशालाच करायचं काम लय चांगलं नसतंय. मी न्हाई जाऊ देणार. गेलास तर मी आत्ताच्या आत्ता घोटीची यष्टी धरती."

बायकोनं मुलांच्या अंगातले कपडे बदलायला घेतले. मी जास्त ताणून धरलं नाही. खरं सांगायचं तर मलाही गाडीला पहिल्याच महिन्यात काही व्हायला नको होतं. आम्ही पुढच्या शनिवारी गेलो.

ती अष्टमी होती. अष्टमीला समुद्राला भांग असतो, म्हणजे भरतीही लहान आणि ओहोटीही लहान, पाणी जेमतेम हलतं. काकांनी मला हे शिकवलं होतं. मला ते माहीत होतं, हेच तर सगळं दुखणं आहे. पण शेतातल्या माणसाला वाटतं, पाणी ते पाणी, थोडं इकडे थोडं तिकडे. ऐन दुपारी मी किल्ल्याच्या पायथ्याशी उभा राहिलो. समोर निळं, चमकणारं, सपाट पाणी होतं. दगडाचा मागमूस नाही. मी अर्धा तास डोळे ताणून बघितलं, मुलांना भूक लागली, आम्ही जेवायला गेलो. टेप पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही.

परतीच्या वाटेवर काकांचा फोन आला. "पाहिलीस?"

"पाहिलं, काका. काही नाहीये तिथं."

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "कधी गेला होतास?"

आठ दिवस उशिरा, म्हणालो असतो तर ते पुढच्या पौर्णिमेला परत जा म्हणाले असते. मला परत जायचं नव्हतं. आणि एक खरं की मला मनापासून वाटलं होतं, तिथं काहीच नाही, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ आहेत, तिथीनं काय एवढा फरक पडणार. मी म्हणालो, "गेल्या शुक्रवारी. अमावस्येलाच. फोन करायचा राहून गेला."

"तू स्वतः पाहिलंस ना?"

"हो काका."

"मग झालं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात टेप परत द्यायला गेलो तेव्हा नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि काका अर्ध्या ब्लेडनं ती तुटक रेघ खरवडत होते. आमच्या वेळी शाईची रेघ अशीच काढायचे, कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हातानं. प्रकरणाची पानं बाजूला काढून दोऱ्यानं बांधलेली. मी उगाच म्हणालो, "राहू द्या की काका, अंदाज म्हणून." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंदाज असता तर ठेवला असता. आता तू बघून आलायस. नाही ते नाही." काकूंनी आणलेला चहा मी संपवला. टेप टेबलावर ठेवून निघून आलो. कालव्याच्या रेघेच्या वेळी ज्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं तो मीच होतो, याचं आजही नवल वाटतं. वयानं माणूस निर्ढावतो, दुसरं काय.

पुस्तक निघालं. स्वतःच्या खर्चानं काढलेलं, पातळसं. भिंत काढून टाकल्यावर त्यात खास असं काही उरलं नव्हतं. किल्ला बंदराची राखण कशी करत असे, या प्रश्नावर एकच वाक्य होतं, की याचा उलगडा होत नाही. वाचनालयाच्या छोट्या हॉलमध्ये छोटासा समारंभ झाला. वीसेक माणसं, बरीचशी आमच्या ऑफिसातली. काका उभे राहून म्हणाले, "मी उभी हयात एका भिंतीवर विश्वास ठेवला. ती नव्हती. माझ्या तरुण मित्रानं स्वतः जाऊन, अमावस्येची ओहोटी साधून, माझी चूक दाखवून दिली. चूक कळली हे माझं भाग्य." आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मला त्यांनी उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझे कान तापतात.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला त्याच बाजूला जाणं झालं. लग्न लागलं, संध्याकाळ मोकळी होती, म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. तिथी माझ्या डोक्यातही नव्हती. अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते, हे मागाहून मोजलं. सूर्य टेकायला आला होता. बघतो तर बंदराच्या तोंडात, जिथं मी निळं पाणी बघून गेलो होतो तिथं, पाच-सहा बायका उभ्या. भर समुद्रात. एकीमागे एक, आखल्यासारख्या सरळ ओळीत, वाकून काहीतरी खरवडत होत्या.

वाळूत टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, "त्या बायका कशावर उभ्या आहेत?"

"भितीवर," ती म्हणाली. "कालवां काढतात. सुकतीला उघडी पडते ना ती."

"कसली भिंत?"

"जुनी हाय. किल्ल्याची. माझी सासू पण तिथंच काढायची." मग माझ्या लग्नाच्या कपड्यांकडे बघून, टोपलीतले ओले शिंपले पुढे करत म्हणाली, "घ्या कालवां, ताजी हायत."

मी तिथंच वाळूत बसलो. पाणी चढायला लागलं तशा बायका ओळीनंच परत आल्या. मोबाइलवर एक फोटो काढला, त्यात अंधार आणि चार ठिपके आले.

काकांना सांगायला मला चार महिने लागले. गंगापूर रोडवरून गाडी नेताना त्यांची सोसायटी आली की मी पलीकडे बघायचो. शेवटी एका रविवारी तीन मजले चढून गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. आई, गाडी, अष्टमी, फोनवरचं खोटं, कालवं काढणाऱ्या बायका.

काकांचा चेहरा आधी उजळला. मी देवाशपथ सांगतो, आधी त्यांना आनंद झाला. "सरळ होती?" त्यांनी विचारलं. "एकदम सरळ? शेवटाला वळते का? फट कुठल्या अंगाला? पाणी घोट्याइतकं की गुडघ्याइतकं?" सरळ होती, एवढंच मी सांगू शकलो. मी पाण्यात उतरलोच नव्हतो. मग हळूहळू त्यांना बाकीचं उमगत गेलं. भिंतीतून बाहेर येऊन ते माझ्याकडे बघायला लागले.

"मी परत जातो, काका," मी म्हणालो. "याच पौर्णिमेला. सगळं मोजून आणतो. पुढच्या आवृत्तीत घालू."

"नको," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू आणशील रे मोजून. पण तू आणलेलं माप मी लिहू कसं?"

काकूंनी विषय बदलला. मी जिना उतरायला लागलो. इतक्या वर्षांचा विश्वास मी एका अमावस्येला, आईच्या रागाच्या आणि गाडीच्या भीतीपोटी घालवला, आणि तो परत मिळवायला आता पौर्णिमा उपयोगाची नव्हती. एवढं मला त्या जिन्यात कळलं.

तरी मी जात राहिलो. ते नीट बोलायचे, चहा पाजायचे, मुलांची चौकशी करायचे. काका गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं होतं आणि गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला होता. मी घाटावर जाऊन, गर्दीत घुसून, ज्यावरून सगळे पूर मोजतात ती मारुतीची मूर्ती बघून आलो आणि तसाच त्यांच्याकडे गेलो. पाण्याच्या मापावर त्यांचा जीव, त्यांना बरं वाटेल म्हणून. "काका, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय," मी सांगितलं. "आत्ता डोळ्यांनी बघून आलोय."

"अरे वा," ते म्हणाले.  मग टेबलावरचा फोन उचलला आणि पंचवटीत राहणाऱ्या एका जुन्या शिपायाला लावला. "पाणी कुठवर आलंय रे? हां. कमरेला. नक्की ना? बरं."

फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, कमरेला पाणी लागलंय मारुतीच्या."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होत्या. "हा आत्ता तेच सांगत होता की," त्या म्हणाल्या.

 काकांनी बशी माझ्यापुढे ठेवली आणि वरून लिंबू पिळून दिलं.